एका कान्याचा सूड

दाजी,

येत्या रविवारी मी बोडक्या डोंगरावर जातोय आणि तुम्हाला नेत नाही.

हे वाक्य मी मुद्दाम पहिलं लिहिलं आहे. तुम्हाला लागावं म्हणून. तुम्ही जाऊन आज सतरा दिवस झाले. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये असं सगळे म्हणतात, पण मी बोलणार आहे. तुम्ही माझ्याबद्दल एकोणीस वर्षं बोललात, तेही मी समोर ताटावर बसलेलो असताना. मला निदान तुमच्या माघारी एक दुपार तरी मिळायला हवी.

तुम्ही माझे साडू. माझी बायको सुनंदा ही तुमच्या बायकोची, आमच्या अक्कांची, धाकटी बहीण. ती तुम्हाला दाजी म्हणायची, तिचं ऐकून मीही म्हणायला लागलो. तुम्ही अर्धापूरच्या घरचे थोरले जावई, मी धाकटा. सात वर्षं आधी तुम्ही त्या मांडवात उभे राहिलात एवढंच तुमचं कर्तृत्व, पण त्याच्या जोरावर जन्मभर पहिला पाट तुमचा, पहिलं वाढप तुम्हाला, आणि केळीच्या बागेत चक्कर मारायला निघालो की मामांच्या, म्हणजे आपल्या सासऱ्यांच्या, शेजारून चालायचा मानही तुमचाच. मी मागून, चिखल चुकवत.

आपली खरी भेट व्हायची ती धोंड्याच्या महिन्यात. एरवी तुम्ही हदगावला एसटीत कंडक्टर, मी लातूरला सरकारी मोजणीवाला. सणावारी तुम्हाला सुट्टी नाही आणि मोजणीच्या दिवसांत मला. पण तिसऱ्या वर्षी अधिक महिना आला की मामा दोन्ही जावयांना बोलवायचेच. पुरणाचे धोंडे, वर तुपाची धार, आणि जेवण झालं की अंगणातल्या बाजेवर बसून आपण दोघं बोडक्या डोंगराचा बेत करायचो. माहूरच्या पलीकडे, जंगलात आत, जिथे सरकारी कागदाशिवाय कुणी जात नाही असा तो डोंगर. झाड नाही, देऊळ नाही, पायऱ्या नाहीत. नुसता काळा दगड. मामा म्हणायचे, "एक धोंडे खाऊन भागंना, आता दुसऱ्या धोंड्यावर चढून राहिले जावई."

तो डोंगर आधी मी शोधला होता, हे इथे लिहून ठेवतो. कारण तुम्ही ते कधीच कबूल केलं नाहीत. त्या भागात मोजणीला गेलो असताना मला तो दिसला, मी नकाशा मिळवला, मी घरी येऊन सांगितलं. पुढच्या पाच मिनिटांत तो तुमचा झाला. "त्या बाजूला माझी गाडी जाती, साडू. मला इचारा."

बेत करताना आपलं एकदाही पटलं नाही. मी नकाशा पसरायचो, तुम्ही त्याच्यावर सुपारीचा डबा ठेवायचात. मी म्हणायचो, पायथ्यापासून माथा इतका लांब, चढ इतका. तुम्ही म्हणायचात, "लांबी सांगू नका. किती वाजता पोचतो ते सांगा." मी म्हणायचो बूट, तुम्ही म्हणायचात चप्पल बरी, खडा गेला तर झटकता येतो. मी म्हणायचो माणशी तीन बाटल्या पाणी, तुम्ही म्हणायचात पाणी वाहून नेणारा माणूस पाण्याच्याच ओझ्यानं तहानतो. मला तुमचा इतका राग यायचा की रात्री पोटातले धोंडे जिरायचे नाहीत. तरी सकाळी उठून पुन्हा नकाशा मीच पसरायचो.

एकदाच गेलो आपण. एकोणीस वर्षांपूर्वी, पौषात. तो दिवस तुम्ही इतक्या वेळा सांगितलात की खरा दिवस कसा होता हे सांगायला मला आता जागाच उरलेली नाही. आज मी सांगतो. मध्ये बोलायचं नाही.

पहिल्या गाडीनं फाट्यावर उतरलो. तिथून काळी-पिवळी जीपमध्ये अवघडून बसून वस्तीवर गेलो. वस्तीतल्या हापशावर बाटल्या भरल्या. तुम्ही एकच भरलीत. ओढ्याओढ्यानं वर, ओढा संपल्यावर घसरता मुरूम, तिथे दोन्ही हात टेकून चढलो, आणि मग तो कातळ. कातळाला एक खाच आहे, तिच्यातून वर गेलं की माथा. तुम्ही पुढे होतात, मी वीसेक पावलं खाली. मागे वळून तुम्ही "टिंग टिंग, चला" असं ओरडायचात, जणू माझं तिकीट फाडलंय. खाचेच्या तोंडाशी तुम्ही पाठ टेकलीत, खिशातून बिडी काढून ओठांत धरलीत आणि काड्यापेटी उघडलीत.

मी खालून वर बघत होतो. तुमच्या डोक्याच्या वर, दोन माणसांच्या उंचीवर, कातळ पुढे आलेला होता, आणि त्याच्या पोटाला तीन आग्या मोहोळं लोंबत होती. सुपाएवढाली. आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, आग्या मोहोळाखाली धूर करायचा नाही. शेजारच्या गावात एक लग्नाचं वऱ्हाड त्या माशांनी कसं लोळवलं होतं ते मी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. ओरडायची हिंमत झाली नाही. ओरडलो असतो तर दचकून तुमच्या हातून काडी ओढली गेली असती. घसा तर असा सुकला होता की शब्द अर्धा आत, अर्धा बाहेर. त्या आवाजात मी म्हणालो, "दाजी... थांबा."

बस. एवढंच.

आता त्या शब्दाच्या शेवटी जो काना आहे ना, त्यानं माझा घात केला. दुसरा कुणी असता तर मी "थांब!" म्हणालो असतो. "थांब" म्हटलं की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो, तो जागीच गोठतो, वर बघतो, खाली बघतो. "थांबा" म्हटलं की तो म्हणतो, कोण बाबा, काय पाहिजे? पण तुम्ही थोरले जावई. लग्नात मी तुमच्या पाया पडलेलो. तुमचा जीव चाललेला मला दिसत होता, तरी माझ्या तोंडून तुम्हाला एकवचन फुटलं नाही. मनातल्या मनात मी तुम्हाला रोज अरे-तुरे करायचो हो! त्या घटकेला मात्र मी तुमचा मान राखला.

तुम्ही ओठांतली बिडी काढलीत, हसलात आणि विचारलंत, "दमले का साडू?"

मी हातानं खुणावलं. तुम्ही तीन पावलं खाली आलात. मी तुमचं मनगट धरलं आणि तुम्हाला ओढत, घसरत, ढुंगणावर बसत मुरुमावरून खाली आणलं. ओढ्यात पोचेपर्यंत मी तोंडातून शब्द काढला नाही. ओढ्यात बसून सांगितलं, वर मोहोळं होती.

"कुठं? मला तर काई दिसलं न्हाई."

"अहो तुमच्या डोक्यावर होती!"

"आता सांगून राहिले व्हय?" असं म्हणून तुम्ही जे हसायला लागलात ते फाट्यापर्यंत.

चौथ्या दिवशी आपण अर्धापूरला होतो. अक्का आणि सुनंदा तिथेच होत्या. तुम्ही मामांसमोर, सासूबाईंसमोर, मेहुण्यांसमोर अंगणात उभे राहून माझी नक्कल केलीत. गुडघे थरथरवत, एक हात छातीवर, डोळे अर्धे मिटून, "दाजीऽऽ... थांबाऽऽ." मग खाकी आवाजात पुढचं वाक्य, "आमचे साडू म्हणजे विनंती थांबा. हात केला की गाडी उभी."

विनंती थांबा. एसटीच्या पाटीवर असतं ते. त्या दिवसापासून अर्धापुरात माझं ते नाव पडलं. मेहुण्यांची पोरं दारातून ओरडायची, विनंती थांबा काका आले. माझ्या साठीच्या केकवर कुणीतरी ते लिहून आणलं, आणि कुणीतरी म्हणजे तुम्ही. सगळ्यांत वाईट काय, तर सुनंदाही हसायची. पदर तोंडाला लावून, पण हसायची. घरी आल्यावर एकदा तिनं मला जवळ बसवून, अगदी मायेनं विचारलं, "खरं सांगा, दमला होतात ना? दमलं तर दमलं. त्यात काय!" मी तिला मोहोळाचं पुन्हा सांगितलं. तिनं माझ्या हातावर थोपटलं. लहान पोराला थोपटतात तसं.

तेव्हा मी ठरवलं की तुमच्यावर सूड उगवायचा.

तुम्हाला वाटलं असेल मी विसरलो. मी मोजणीवाला आहे दाजी. वीतभर बांधासाठी पंचवीस वर्षं भांडणारी माणसं मी रोज बघितली आहेत, त्यांच्याकडून शिकलोय मी. माझा बेत साधा होता. तुम्हाला पुन्हा त्याच खाचेखाली न्यायचं. आग्या मोहोळ वर्षानुवर्षं त्याच कातळाला येतं, हे मी त्या वस्तीतल्या माणसाला विचारून घेतलं होतं. दुर्बीण तुमच्या डोळ्याला लावायची आणि म्हणायचं, बघा. मग मोबाइल सुरू करून तुमच्याकडून वदवून घ्यायचं, "साडू खरं बोलत होते." आणि पुढच्या धोंड्याला, पहिलं वाढप झालं की, तुमच्या पानावर तूप पडत असतानाच, तो मोबाइल मामांच्या कानाला लावायचा.

यासाठी मी काय काय केलं ते तुम्हाला माहीत नाही. निवृत्त झाल्यावर रोज पहाटे लातुरातल्या चार मजली इमारतीचे जिने चढलो, दहा दहा वेळा. तिथला वॉचमन मला वेडा समजतो. चहातली साखर सोडली. सुनंदाला वाटलं डॉक्टरांनी सांगितलं असेल. मला फक्त एवढंच पाहिजे होतं की त्या मुरुमावर तुम्ही मागे असावं आणि मी पुढे.

त्या दिवसानंतर सात धोंडे आले. सातही वेळा आपण बेत केला आणि सातही वेळा तो फिसकटला. कधी माझी बदली, कधी तुमची जादा गाड्यांची ड्यूटी, कधी सासूबाईंचं आजारपण. करोनातला धोंडा तर फोनवरच झाला, तरी तुम्ही फोनवर माझ्या बुटांवरून भांडलात. यंदाच्या धोंड्याला मी म्हणालो, दाजी, आता आपलं वय झालं, या हिवाळ्यात नाही तर कधीच नाही. तुम्ही लगेच कॅलेंडर काढलंत आणि रविवार धरलात. येणारा हाच रविवार. इतक्या पटकन तुम्ही कधी कशाला हो म्हणत नव्हतात. मला संशय यायला हवा होता, पण मी खूश होतो. मनात म्हटलं, सापडला.

आणि तुम्ही निसटलात! तीन आठवडे आधी. जन्मभर मला लेट म्हणणारा माणूस स्वतः मात्र वेळेच्या आधी सुटला.

नांदेडच्या दवाखान्यात मी आलो होतो, तुम्हाला आठवत असेल. एक तासभर बसलो तुमच्या उशाशी. अक्का चहा घ्यायला खाली गेल्या होत्या, खोलीत आपण दोघंच. नाकात नळी असताना तुम्ही मला सांगत होता की पहिली गाडी आता वीस मिनिटं आधी सुटते, तुमचा नकाशा ठेवा घरी, फाट्यावर उभं राहायचं ते वडाखाली न्हाई, हॉटेलापाशी. मी म्हणालो, वडाखालीच थांबतात सगळे. तुम्ही म्हणालात, "गाडी तुमची हाय का माझी?" माझं डोकं फिरलं. उठलो, आणि दारातून म्हणालो, "रविवारी बघतोच तुमच्याकडे."

हे माझं तुमच्याशी शेवटचं वाक्य. एखाद्यानं शेजाऱ्याला दम द्यावा तसं. एक तास होता दाजी तुमच्याकडे, आणि तुम्ही तो वडाखाली की हॉटेलापाशी यात घालवलात. मीही घालवला, पण तो शेवटचा आहे हे मला ठाऊक नव्हतं. तुम्हाला ठाऊक होतं.

तुम्हाला ठाऊक होतं, हे मला तेरवीला कळलं.

हदगावला तुमच्या घरी जेवणं चालली होती. मी हात धुवायला मागच्या न्हाणीपाशी गेलो तर पल्लवी तिथे उभी. तुमची पल्लवी. लग्नानंतर सोळा वर्षांनी झालेली, आपण डोंगरावर गेलो तेव्हा अक्कांच्या पोटात असलेली. आता नर्सिंगला आहे, पांढऱ्या कपड्यांत फार मोठी दिसते. म्हणाली, "काका, बाबानं तुम्हाला एक सांगायला सांगितलंय. तुम्ही दवाखान्यातून गेल्या गेल्या सांगितलं मला."

"काय?"

"ते मोहोळ बाबाला दिसलं होतं."

मी नळ बंद केला.

"तुम्ही त्यांचा हात धरून वढलं ना, तवा त्यांनी मान वळवून वर बघितलं. तीन होते म्हणले."

तीन. हा आकडा मी कुणाला सांगितला नव्हता, कारण कुणी विचारलाच नव्हता. सगळे 'मोहोळ' या शब्दालाच हसायचे, किती होती इथपर्यंत कुणी आलंच नाही.

"मम्मीला सातवा चालू होता," पल्लवी म्हणाली, "तिला कळलं असतं तर ती घाबरली असती, म्हणून त्या दिवशी लपवलं. मग आजोबाकडं गंमत म्हणून सांगितलं, तर लोक लई हसले. मग सांगायचं राहूनच गेलं म्हणले." तिनं माझ्या हातात टॉवेल दिला. "बिडी त्याच दिवशी सोडली होती त्यांनी. आणि म्हणले, साडूला म्हणावं, चुकलं माझं."

राहूनच गेलं! बाजारातून कोथिंबीर आणायची राहून जाते दाजी. खरं बोलायचं एकोणीस वर्षं राहून जात नाही. आजवर मला वाटत होतं तुम्हाला दिसलंच नव्हतं. तुमच्या त्या हसण्यामागे अडाणीपणा आहे असं समजून मी तुम्हाला निम्मी माफी कधीच देऊन टाकली होती. ती मी त्या न्हाणीपाशी परत घेतली. तुम्ही सगळं जाणून हसत होता. माझे गुडघे थरथरत होते ते तुमच्यासाठी, हे जाणून तुम्ही त्या गुडघ्यांची नक्कल करत होता. माझी बायको माझ्या हातावर थोपटत होती आणि तुम्ही दुसरा धोंडा फोडून त्याच्यात तूप घालून घेत होता. या हातांनी तुम्हाला पुन्हा एकदा मनगटाला धरून ओढावंसं वाटलं. पण धरायला मनगटच नव्हतं.

आणि त्याच न्हाणीपाशी, त्याच रागात, मला माझी आई आठवली. ती नांदेडला दवाखान्यात होती तेव्हा मला रजा मिळाली नव्हती. अकरा दिवस तुम्ही ड्यूटी संपवून, खाकी न उतरवता, तिला डबा नेऊन दिलात. ती भाकरी दुधात कुस्करून मागायची, तुम्ही कुस्करून द्यायचात. ती सगळ्यांना सांगायची, माझा एक लेक लातुरात हाय, एक गाडीवर. आणि एक गोष्ट मला तेव्हा लक्षात आली नव्हती. माझ्या आईसमोर तुम्ही ती नक्कल एकदाही केली नाहीत. ती अर्धापूरला आली की तुम्ही तो विषयच काढायचा नाहीत, पोरं मागे लागली तरी. सूड घ्यायचा तर सगळं आठवावं लागतं, तुमच्या बाजूचंही. म्हणून तर तो इतका अवघड असतो.

जेवणं उरकली. पुरुष मंडळी सतरंजीवर टेकली होती. मामा भिंतीला पाठ लावून बसले होते, आता त्यांना नीट ऐकू येत नाही. शेवटी धाकट्या मेहुण्यानं, काहीतरी बोलायचं म्हणून, माझ्याकडे बघून म्हटलं, "दाजी असते तर आता विनंती थांबा झालं असतं." दोघं-तिघं कसंनुसं हसले. पल्लवी दारात उभी होती. ती पुढे आली, तिचा चेहरा लाल झालेला. "आजोबा," ती मोठ्यानं म्हणाली, "ते तसं न्हवतंच. खरं काय झालं ते मी सांगते."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. मामांनी कानामागे हात धरला. सुनंदा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन उभी राहिली.

एकोणीस वर्षं मी या घटकेची वाट बघत होतो दाजी. हीच माणसं, अशीच बैठक, तुमच्याच घरातून आलेली साक्ष. मोबाइल सुद्धा लागणार नव्हता.

मी म्हणालो, "पल्लवी, गप बस."

"पण काका..."

"गप म्हटलं ना. मामा, काही नाही. पोरगी दमलीय."

नंतर अंगणात मला गाठून तिनं विचारलं, का? मी तिला काहीतरी सांगितलं, की आज तेरवी आहे, अक्कांना वाईट वाटेल. ते खरं नव्हतं. खरं कारण तुम्हाला सांगतो. असला निरोप मी घेत नाही. एकोणीस वर्षं भरल्या अंगणात हसायचं आणि माफी मागायची ती पोरीच्या हातून, मी दारातून बाहेर पडल्यावर? चुकलं होतं तर माझ्या तोंडावर म्हणायचं होतं. तासभर होतात ना माझ्यासमोर! तुम्हाला वाटलं असेल, सांगून टाकलं, आता मोकळे झालो. नाही झालात. माफी नामंजूर आहे. ते सगळे मला आणखी हसले तरी चालेल, पण तुम्हाला मी असं स्वस्तात सोडणार नाही. आपलं भांडण चालू आहे दाजी, आणि ते तुम्हाला एकतर्फी मिटवता येणार नाही.

सुनंदाला मात्र परतीच्या वाटेवर कळलं. मी सांगितलं नाही. तिनंच विचारलं, "पल्लवी काय सांगत होती?" मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो. मग ती म्हणाली, "होती ना मोहोळं?" मी मान हलवली. तिनं या वेळी थोपटलं नाही. ती रडली. तुमच्यासाठी की माझ्यासाठी, ते मी विचारलं नाही.

तर रविवारचा बेत असा आहे. सुनंदा म्हणाली, दुखवट्यात कुणी डोंगर चढतं का, लोक काय म्हणतील. अक्कांनी फोनवर सांगितलं, "जाऊ दे गं. ह्यांनीच धरलेला दिवस हाय तो. भाकरी मी बांधून देते." शनिवारी मी तुमच्या घरी मुक्कामाला. पहिली गाडी. पल्लवी येतेय माझ्याबरोबर. मी नको म्हणालो, तिनं ऐकलं नाही, ती तुमच्यावर गेलीय. काल अर्धा तास आम्ही फोनवर भांडलो. ती म्हणते बूट, मी आता म्हणतो चप्पल बरी. ती म्हणते फाट्यावर हॉटेलापाशी उभं राहायचं, बाबानं सांगितलंय. मी तिला सांगितलं, अत्तर नाही, वासाचं तेल नाही, पावडर नाही, आणि खाचेपासून लांबून, उजवीकडच्या घळीतून चढायचं. ती वाट मी नकाशावर बघून ठेवली आहे. तुमची खाच तुम्हालाच राहू द्या.

माथ्याबद्दल आपलं कधीच एकमत झालं नाही. तुम्ही म्हणायचात वर पाण्याचं टाकं असणार, जुन्या लोकांनी खोदलेलं, एका गुराख्यानं सांगितलं होतं तुम्हाला गाडीत. मी म्हणायचो नुसता सपाट दगड, एक पान सुद्धा नसेल. तुम्ही म्हणायचात तिथून पैनगंगा दिसते. मी म्हणायचो दिसणं शक्य नाही, मध्ये दुसरा डोंगर आडवा आहे. सात धोंडे आपण यावर वाद घातला आणि दोघांपैकी एकानंही तो माथा पाहिलेला नव्हता.

रविवारी मी पाहीन. टाकं आहे की नाही ते बघेन, नदीच्या दिशेला तोंड करून उभा राहीन, अक्कांची भाकरी तिथे बसून खाईन, आणि दिवस कलायच्या आत तुमच्या पोरीला सुखरूप खाली आणीन. घरी आल्यावर सुनंदाला सगळं सांगेन, अक्कांना सांगेन, मामांना कानात ओरडून सांगेन.

तुम्हाला सांगणार नाही. फारच वाटलं तर स्वतः या आणि विचारा.